पहिली जागा बरकतीची

मिरचीच्या दिवसांत नंदुरबारमध्ये शिंकल्याशिवाय कोणाचं बोलणं सुरू होत नाही, आणि अतिकाचं तर मुळीच नाही. तिची खोली नेमकी रस्त्याच्या अंगाला. मार्केटकडे जाणारे ट्रॅक्टर तिच्या खिडकीखालीच वळतात आणि वळताना लाल धुरळ्याचा तिचा वाटा इमानदारीने आत टाकून जातात. कंपनीची मीटिंग सुरू झाली, अतिकाने माइक उघडला, की आधी एक सणसणीत शिंक. सुरुवातीला बंगळूरची माणसं दचकायची. आता तिचा सहकारी भूपेश नव्या लोकांना बजावून ठेवतो, "थांबा जरा, मॅडमची पहिली शिंक होऊन जाऊ द्या, मग त्या मुद्द्याचं बोलतील."

ती करते काय, हे मोहल्ल्यात कोणाला धड सांगता येत नाही. तिच्या बिबीजान चाचीला कोणी विचारलंच, तर ती हातातलं काम न थांबवता सांगते, "ती मशीनले समजाडस." आणि खरं सांगायचं तर याहून नेमकं उत्तर कंपनीच्या वेबसाइटवरही सापडायचं नाही.

संगणकात जे साठवायचं ते शेवटी डिस्कवर जातं. पण संगणक स्वतः उठून डिस्कपाशी जात नाही. मध्ये कंट्रोलर नावाची एक चिप असते, ती हमालाचं काम करते: इकडून माल उचलायचा, तिकडे नेऊन ठेवायचा आणि ‘ठेवला’ म्हणून कळवायचं. या हमालाला कारखान्यातून निघतानाच जी अक्कल भरून दिलेली असते, ती म्हणजे फर्मवेअर. आणि संगणकाच्या बाजूने त्याला कामं सांगणारा मुकादम, तो ड्रायव्हर. अतिका असे मुकादम लिहिते. हमालाच्या अकलेत खोट निघाली तर ती काढता येतेच असं नाही. चिप एकदा पेट्यांत बंद होऊन गावोगाव गेली, की तिच्या मागे कोण धावणार? मग मुकादमालाच शिकवावं लागतं, की बाबा, याची ही अशी खोड आहे, सांभाळून घे.

सांभाळून घेण्यात अतिकाचा हात धरणारा कंपनीत दुसरा नव्हता. हे ती शिकली मुनव्वर चाचांकडून.

मुनव्वर चाचा म्हणजे या घरातले पहिले इंजिनिअर. त्यांचे वडील, अतिकाचे दादा, मिरची मार्केटात मापाडी. जन्मभर तराजू धरला. मुलगा मात्र पुण्याला गेला आणि फर्मवेअर लिहायला लागला. अतिकाचे अब्बा-अम्मी कापडाच्या कामासाठी सुरतेला, त्यामुळे पोरगी शाळेच्या सुट्टीत चाचांकडे पुण्याला. चाचांना मूलबाळ नाही, चाचीला पोर मिळाली आणि चाचांना शिष्य. घरून आलेल्या मिरच्या ते ताटात ओळीने मांडायचे. देठ असलेली मिरची म्हणजे एक, देठ खुडलेली म्हणजे शून्य. संगणकाची मोजणी अतिका अशी शिकली. एकदा मोजता मोजता तिने डोळा चोळला आणि सगळी बिल्डिंग जमा होईल अशी बोंब ठोकली, तरी त्या दिवसाचा धडा पुरा झाल्याशिवाय चाचांनी ताट उचललं नाही.

चाचांनी पुण्याच्या एका कंपनीत एका कंट्रोलरचं अख्खं फर्मवेअर लिहिलं होतं. एकट्याने. ती कंपनी पुढे विकली गेली, जिने घेतली तीही विकली गेली, पण चिप स्वस्त होती, टिकाऊ होती, आणि ती चालतच राहिली. कुठे दुकानातल्या कॅमेऱ्याच्या पेटीत, कुठे दूध डेअरीत, कुठे दवाखान्यात. मग चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळायला लागलं. चाचा-चाची नंदुरबारच्या घरी परतले. काही दिवसांनी अतिकाही बंगळूरहून आपलं काम लॅपटॉपात घालून त्यांच्या मागोमाग आली. लोक म्हणाले, पोरगी सुट्टीवर आली. तिने कोणाला खुलासा दिला नाही.

डोळे गेल्याची तक्रार चाचांनी कधी केली नाही. घरी पाहुणे आले की फक्त एक वाक्य ठरलेलं: "मन्हं सगळं थांबी गयं, पन मन्ही चिप चाली ऱ्हायनी." हे म्हणताना ते जरा ताठ बसायचे. अतिकाला ते वाक्य फार आवडायचं.

दुपारी जेवणं आटोपली की ओट्यावर बैठक बसायची. चाची मिरचीचे देठ खुडायला घ्यायची, चाचाही बसायचे. देठ खुडायला डोळे लागत नाहीत; उलट नसलेलेच बरे, आग तरी होत नाही, असं चाचांचं म्हणणं. अतिका बाजूला लॅपटॉप घेऊन बसायची आणि दिवसभरात जे लिहिलं ते त्यांना वाचून दाखवायची. अगदी कंस, स्वल्पविराम सगळ्यासकट. चाचांची बोटं मिरच्यांवर चालू आणि कान तिच्याकडे. मध्येच देठावरचं बोट थांबलं, की समजायचं, कोडमध्ये काहीतरी चुकलंय.

मोबाइल वाचून दाखवतो, हे चाचांना ठाऊक नव्हतं असं नाही. मोबाइलमधल्या त्या बाईचा आवाज त्यांनी चार दिवस ऐकला आणि बंद करून टाकला. "ही बाई कंस खाई जास," ते म्हणाले. "कंस खास त्याना वर इस्वास कसा ठेवाना?" तेव्हापासून त्यांचे डोळे म्हणजे अतिका. तिलाही ते काम कंपनीच्या कामापेक्षा मोठं वाटायचं.

त्या हिवाळ्यात भूपेशने तिच्याकडे एक तक्रार ढकलली. मोलगीच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं. लाईट जाऊन आली, की त्यानंतरचा पहिला फोटो साठवला जात नव्हता. मशीन ‘झालं’ म्हणायचं, आणि उघडून बघावं तर काही नाही.

"तुझ्याच जिल्ह्यातलं आहे, तूच बोल ना," भूपेश म्हणाला. त्याला वाटत होतं, मोलगी म्हणजे अतिकाच्या मागच्या गल्लीत. घाट चढून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. अतिकाने फोन लावला.

फोन उचलला दीपमालाने. तीच तिथे फोटो काढायची. आवाज तरुण, बोलणं झपाझप.

"मॅडम, तक्रार केली तेव्हा अडचण होती. आता आमचं काही अडत नाही. लाईट आली की आम्ही आधी दुधीचा फोटो काढतो."

"कशाचा?" अतिकाने विचारलं.

"दुधी भोपळ्याचा. पहिला फोटो मशीन खातंच ना? मग पेशंटचा कशाला घालवायचा? एका आजीचा पाय मोडला होता, तिला झोळीतून आणलेलं. पहिला फोटो गेला, तिला परत वळवावं लागलं, फार ओरडली हो ती. मला रडूच आलं. तेव्हापासून टेबलाखाली दुधी ठेवलेलाच असतो."

"आणि दुधी नसला तर?"

"मग काकडी," दीपमाला म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

फोन ठेवल्यावरही अतिकाला बराच वेळ हसू येत होतं. मग तिने पेटीतल्या भागांची यादी मागवली, कंट्रोलरचं नाव वाचलं, आणि तिचं हसू आटलं. ती चाचांची चिप होती.

जुन्या कंपनीचा सगळा पसारा फिरत फिरत अतिकाच्याच कंपनीच्या कोठारात येऊन पडला होता. चाचांनी लिहिलेलं फर्मवेअर तिने तिथून काढलं आणि दार लावून वाचायला घेतलं. आजवर चाचा तिचा कोड ऐकत आले होते. त्यांचा कोड ती पहिल्यांदाच वाचत होती. काय नेटका कोड होता. प्रत्येक ओळीत चाचांचा आवाज. कमी बोलायचं, जपून बोलायचं, आणि एखादा विनोद करायचा तो कोणाला कळणार नाही अशा जागी. वाचता वाचता ती कामांच्या रांगेपाशी आली. हमालाकडे कामं येतात ती ठेवायला चाचांनी ओळीने जागा केल्या होत्या, आणि त्यातल्या पहिल्या जागेला, म्हणजे संगणक शून्यापासून मोजतो म्हणून शून्य नंबरच्या जागेला, नाव दिलं होतं: बरकत.

अतिका खुर्चीत मागे टेकली. दादांची रीत तिला कोणी सांगायला नको होती, ती या घरात दर वर्षी एकदा तरी सांगितली जायची. दादा तराजू लावायचे तेव्हा मिरचीची पहिली ओंजळ पारड्यात जायची नाही. ती बाजूला अंथरलेल्या कापडावर. तोंडाने म्हणायचं ‘बरकत’, आणि मोजणी तिथून पुढे. ती ओंजळ तोलायची नाही, विकायची नाही, तिच्याकडे परत बघायचंही नाही. संध्याकाळी कोणी मागायला आलं की त्याच्या पदरात. लहानपणी चाचा बापाच्या मांडीला मांडी लावून हेच बघत मोठे झाले होते. पुण्याच्या ऑफिसात बसून हमालासाठी जागा आखताना त्यांनी पहिली जागा मोकळी सोडली. तिथे काही ठेवायचं नाही आणि तिथलं काही उचलायचं नाही.

एरवी सगळं ठीक चालायचं. चिप सुरू झाली की मोजणी दुसऱ्या जागेपासून. पण अचानक लाईट जाऊन परत आली, तर सावरून उभं राहण्याचा रस्ता वेगळा होता, आणि त्या रस्त्यावर कुठेतरी मोजणी पहिल्या जागेपासून सुरू व्हायची. येणारं पहिलं काम थेट बरकतीत पडायचं. हमाल तिकडे बघतच नव्हता. त्याला तसंच शिकवलं होतं. ‘ठेवला’ म्हणून मात्र सांगून मोकळा व्हायचा.

जगात इतके लोक फर्मवेअर लिहितात, पण ही चूक करायला नंदुरबारच्या मापाड्याचाच पोरगा लागतो. अतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता. चाचांबद्दल तिला इतकी माया कधीच दाटून आली नव्हती.

इलाज सोपा होता. चिप बदलता येणार नव्हती, तेव्हा मुकादमाने लाईट आल्यावर आधी एक रिकामं काम पाठवायचं. ते बरकतीत गेलं तर जाऊ दे. मग खरी कामं.

"म्हणजे दुधीच," भूपेश म्हणाला.

"दुधीच," अतिका म्हणाली.

चाचांनी तिला एक शिस्त लावली होती. अशी सांभाळून घेणारी ओळ लिहिली, की तिच्या डोक्यावर कारण लिहायचंच. नाही लिहिलं, तर उद्या कोणीतरी हुशार माणूस येतो, ‘ही रिकामी ओळ कशाला’ म्हणतो, आणि पुसून टाकतो. अतिकाने कारण लिहिलं, खरं ते लिहिलं: या चिपच्या फर्मवेअरमध्ये चूक आहे; वीज जाऊन आल्यावर पहिलं काम ते गिळतं आणि झालं म्हणून सांगतं. चिपचं नावही लिहिलं. जगात कोणालाही वाचता येईल अशा जागी ते प्रसिद्ध झालं.

आणि मग दुपार झाली.

चाचा ओट्यावर येऊन बसले होते. चाचीने त्यांच्यापुढे मिरच्या ओतल्या. "वाच बेटा," ते म्हणाले.

अतिकाने लॅपटॉप उघडला. सगळं थांबी गयं, पन मन्ही चिप चाली ऱ्हायनी. त्या माणसाजवळ तेवढंच उरलं होतं, आणि तेही चालत नाही हे आपल्या तोंडाने सांगायचं? तिची जीभ रेटेना. ओळी तिने वाचल्या, पण त्यांच्या डोक्यावरचं कारण गाळलं आणि तिथल्या तिथे दुसरं रचलं. म्हणाली, डोंगरात लाईट कमी-जास्त होते, तारेत गडबड होते, म्हणून आधी एक रिकामं काम पाठवलंय.

चाचांचं बोट देठावर थांबलं.

"तारमा गडबड व्हई तं कोनतं बी काम जाई. पहिलंच कसं जास?"

"पहिलंच जास चाचा. आशेच दखायनं."

"चिप कोनती शे?"

"जुनी शे एक," अतिका म्हणाली. "कोनी बनाडी काय माहीत."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. चाचा "बरं" म्हणाले आणि पुढची मिरची उचलली. त्या दिवशी त्यांनी आणखी काही विचारलं नाही. एरवी वाचन संपलं तरी त्यांचे प्रश्न संपत नसत. अतिकाला वाटलं, निभावलं. माणूस खोटं बोलून निभावतो तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं, पण तिला काही हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन चाचांच्या खोलीकडे निघाली, आणि दाराबाहेरच थबकली. आत कोणीतरी बाई बोलत होती. सरळसोट, जीव नसलेल्या आवाजात, इंग्रजीत. शब्द अतिकाचे होते. ‘या चिपच्या फर्मवेअरमध्ये चूक आहे.’ मग चिपचं नाव, एकेक अक्षर सुटं सुटं. ‘पहिलं काम गिळतं आणि झालं म्हणून सांगतं.’ बाई मध्ये कंस खात होती, पण वाक्य काही गाळत नव्हती.

चाचांनी मोबाइल बंद केला. दाराकडे तोंड करून म्हणाले, "ये. बठ."

अतिका बसली. चहा तिच्या हातातच राहिला.

"ही बाई कंस खाई जास," चाचा म्हणाले, "पन खोटं नही बोलस."

"चाचा, माले वाटनं, तुमले वाईट वाटी."

"वाटनंच. पन चिपमा चूक निंघनी त्यानं नही. चूक कोनी बी करस." ते आवाज चढवत नव्हते, आणि म्हणूनच तिला ऐकवत नव्हतं. "तू कोडमा खरं लिखं. मशीन जोडे खरं बोलनी, आनि मन्हा जोडे खोटं. कोनी बनाडी काय माहीत, म्हने."

अतिकाने मान खाली घातली.

"मन्हा डोया गयात तधळ मी रडनू नही," चाचा म्हणाले. "का? तं अतिकाना डोया शेतस. त्या दखाडतीन, मी देखसू. आते त्या डोया बी माले गोड गोडच दखाडतीन, तं मंग बेटा, मी खरा आंधया व्हयनू."

अतिका रडायला लागली, लहानपणी पुण्यात मिरचीच्या ताटापुढे रडली होती तशी, नाक-डोळे सगळं एक करून. इतकी वर्षं ती या माणसाकडून सांभाळून घ्यायला शिकत आली होती, आणि ऐन वेळी त्याला सांभाळायच्या नादात तिने त्याच्या हातातली काठीच काढून घेतली होती. तिला स्वतःची लाज वाटली. आवाज ऐकून चाची दारात आली. दोघांकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजली.

"रडू दे तिले," ती म्हणाली. "फक्त डोयाले हात लावू नको वं, मिरचीना हात शेतस." आणि अतिकाच्या हातातला कलंडू लागलेला कप काढून घेऊन निघून गेली.

अतिकाचे हुंदके ओसरेपर्यंत चाचा थांबले. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"मन्ही चिप काय करस? काम खाई जास, आनि व्हई गयं म्हनस. तू काल काय करं?"

अतिकाने ओढणीने नाक पुसलं. "तेच," ती म्हणाली.

"मंग? शिकाडी कोनी तुले?" चाचा आता उघड हसत होते. "बरं, जाय, लॅपटॉप लई ये. मन्हा कोड वाच. एक बी ओय सोडू नको."

तिने वाचायला घेतलं. चाचा भिंतीला टेकून ऐकत राहिले. स्वतःचाच कोड, पण आता तो पुतणीच्या आवाजात येत होता. काही ओळींना ते मान हलवायचे, काही ओळींना ‘हे काय लिखं मी’ असं तोंड करायचे. मग बरकत आली.

चाचांनी हात वर केला. अतिका थांबली.

"माले तधळ आब्बाना हात दखायना," ते म्हणाले. "पुनामा, एसीमा बठेल व्हतू. जागा मांडी ऱ्हायनू, आनि पहिली जागा भरवाले हातच गया नही. म्हनं, ऱ्हाऊ दे. आब्बानी ओंजळ. साहेबनी इचारं, ही जागा रिकामी का? मी म्हनं, भविष्यसाठे."

दोघंही हसली. अतिका पुढे वाचू लागली. लाईट जाऊन आल्यानंतरचा रस्ता आला. ती मुद्दामच काही न बोलता, आवाजात काही न आणता, एकेक ओळ वाचत गेली. चूक कुठे आहे हे तिला पाठ होतं. ती ओळ आली, वाचली, पुढची सुरू केली.

"थांब. मांगली ओय परत वाच."

तिने वाचली.

"आठे एक पाहिजे व्हतं," त्या जागेवर बोट ठेवल्यासारखं करत चाचा म्हणाले. ते भिंतीपासून सुटून सरळ बसले होते. "मी शून्य लिखं. देख, आठे शून्य लिखाई गयं. आठेच शे ना? हाईच शे ना?"

"हाईच शे चाचा."

"सापडनी," ते म्हणाले, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "बिबीजान, सापडनी. मन्ही चूक मालेच सापडनी." स्वयंपाकघरातून चाचीने काय सापडलं म्हणून विचारलं, पण उत्तर द्यायला चाचांना फुरसत नव्हती. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की अतिका बघतच राहिली. डोळे गेल्यापासून या माणसाने ऐकलं होतं, शिकवलं होतं, टोकलं होतं. पण स्वतःच्याच कामातली गोष्ट स्वतः शोधून काढल्याचा आनंद त्यांना मिळाला नव्हता. आणि काल तिने मायेपोटी नेमका हाच आनंद त्यांच्यापासून चोरून ठेवला होता.

चाचांनी मग तिच्याकडून लिहिलेलं कारण दुरुस्त करून घेतलं. चूक आहे एवढं पुरेसं नाही, कुठे आहे आणि कशी झाली तेही लिही, म्हणाले. आणि रिकामं काम पाठवणाऱ्या त्या ओळींना नाव दे. कोणतं नाव, हे अतिकाने विचारलंच नाही.

थोड्याच वेळात भूपेशचा फोन आला. "हे बरकत काय प्रकरण आहे? बंगळूरचे लोक विचारताहेत, कशाचं लघुरूप आहे म्हणून."

अतिकाने त्याला सगळं सांगितलं. दादांचा तराजू, कापडावरची ओंजळ, चाचांची चिप. सगळं ऐकून तो म्हणाला, "राहू दे तेच नाव. मी बघतो कोण काढायला सांगतं ते."

नवा ड्रायव्हर डोंगरातल्या पेटीत पोचला आणि दीपमालाने चाचणी म्हणून मुद्दाम स्विच बंद करून परत चालू केला. पहिलाच फोटो जागेवर होता. तिने लगेच अतिकाला फोन करून ते सांगितलं, आणि मग थोडं अडखळत विचारलं, "मॅडम, मग आता दुधीचं काय करू?"

अतिकाने मोबाइल चाचांच्या पुढे धरला होता.

"भाजी करा बेटा," चाचा म्हणाले. "पन पहिला घास बाजूले काढा."

त्याच दुपारी पुन्हा ओट्यावर बैठक बसली. चाचीने मिरच्या ओतल्या. अतिकाने लॅपटॉप उघडला, घसा साफ केला आणि वाचायला तोंड उघडलं, तर चाचांनी हात आडवा केला.

"आशे नही. तुन्हा जोडे आते मी सांभाळीसन चालसू." त्यांनी बाजूला चाचपलं. चाचीने सकाळी फोडलेलं पापडाचं रिकामं पाकीट हाताला लागलं, ते तिच्यापुढे सरकवलं. "आधी हाई वाच."

"हे काय वाचानं?"

"वाच. ही तुन्ही बरकत. काही खोटं बोलनं व्हई, काही खानं व्हई, ते ह्यामा बोली ले."

अतिकाने पाकीट हातात घेतलं. डोळे पुन्हा भरून येत होते, पण हात मिरचीचे होते, तिने आवरलं. मग मोठ्याने, शाळेतल्या पोरीसारखं वाचलं, की पापड मंद आचेवर भाजावेत, कोरड्या जागी ठेवावेत, आणि हे पापड जगात सर्वांत उत्तम आहेत.

"व्हयनं?" चाचांनी विचारलं.

"व्हयनं," ती म्हणाली.

चाचांनी एक मिरची उचलली, देठावर बोट ठेवलं आणि कान तिच्याकडे केला.

"हं. आते खरं वाच."